हिरमुजीवर हिरवा

लढाई संपत आली होती, त्या वर्षी आम्ही दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात राहत होतो. देवळाली प्रवरा तिथून बैलगाडीच्या अंतरावर. आजूबाजूला सगळा ऊस, त्यामुळे हिवाळाभर मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा रचलेल्या असत आणि प्रत्येक क्वार्टरात मुंग्या. माझे यजमान तिथे मालबाबू होते. आलेला-गेलेला माल तोलायचा, पावत्या करायच्या, वॅगन भरून घ्यायच्या, हे त्यांचं काम. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि चार वर्षांची मुलगी.

क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन फडताळं होती, दोन-दोन दारांची, आणि दुधा-तुपासाठी आमचं स्वतःचं एक जाळीचं कपाट. आमच्या आधी तिथे जे कोणी राहत होते ते शेगडीत इंजिनातून पडलेला कोळसा जाळत असावेत. फडताळांचं लाकूड काळं पडलं होतं आणि हात लावला तर बोट चिकटायचं. झुरळं तर विचारूच नका. मी राखेनं घासलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, तेवढ्यापुरतं बरं दिसायचं. रेल्वेचे रंगारी वर्षातून एकदा येत, पण ते स्टेशनची पाटी, खांब आणि कठडे रंगवून निघून जात. क्वार्टरच्या आतल्या लाकडाकडे कोणी बघत नसे.

स्वतः रंग लावायची कल्पना ह्यांची. त्यांना रिकामं बसणं जमत नसे, आणि त्या दिवसांत त्यांना हाताला काहीतरी चाळा हवाच होता, कारण डोक्यात परीक्षा होती. असिस्टंट स्टेशनमास्तरच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. तारयंत्र त्यांनी आधीच शिकून घेतलं होतं. आता नियमांची तोंडी परीक्षा द्यायची आणि नंतर रेल्वेच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचे, एवढंच उरलं होतं. नियमांचं पुस्तक इंग्रजी. मला इंग्रजी येत नव्हतं, मी नगरला मराठी सातवीपर्यंत शिकलेली. म्हणून त्यांनी माझ्यासाठी एका वहीत मराठीत प्रश्न आणि उत्तरं लिहून दिली होती. हे लाकूड खरवडत बसत आणि मी पाटावर बसून प्रश्न विचारत असे.

नगरच्या बाजारातून त्यांनी सामान आणलं. अळशीचं तेल, काचकागद, दोन ब्रश, हिरव्या रंगाचा एक तयार डबा आणि हिरमुजीची पुडी. हिरमुजी म्हणजे विटेच्या रंगाची बारीक पूड. ती तेलात कालवून आधी अस्तराचा हात द्यायचा, म्हणजे वरचा रंग लाकूड पिऊन टाकत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दुकानदारानं जे जे सांगितलं ते ह्यांनी एका कागदावर लिहून आणलं आणि भिंतीला चिकटवलं. ते प्रत्येक काम असंच करत.

भांडी सगळी बाहेरच्या खोलीत खाटेवर गेली. स्वयंपाक मी मागच्या अंगणात तीन दगडांवर करू लागले. फुटक्या कंदिलाच्या काचेनं हे फळ्या खरवडत, मग काचकागद फिरवत. काळा थर निघाल्यावर खाली फिकट लाकूड निघालं, ते चांगलं दिसत होतं. मी म्हटलं, असंच राहू द्या की. ते म्हणाले, असंच ठेवलं तर सहा महिन्यांत परत काळं होईल. खिळ्यांची भोकं आणि चिरा खडूची पूड तेलात मळून बुजवल्या. त्याला लांबी भरणं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. ते काम मी केलं, कणीक मळायची सवय असल्यामुळे ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं जमलं.

मग हिरमुजीचा हात. दोन्ही फडताळं, जाळीच्या कपाटाची चौकट, सगळं तांबडं झालं. घरभर अळशीच्या तेलाचा वास, भाकरीलासुद्धा तोच. अस्तर वाळायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत वहीतले सगळे प्रश्न आमचे दोनदा विचारून झाले. "धोक्याचा रंग कोणता?" असा एक प्रश्न त्यात होता. "लाल," ते म्हणाले, आणि मी पुढचा विचारला.

हिरव्याचा पहिला हात त्यांनी एकट्यानं दिला. मुलीला ताप होता म्हणून मी बाहेरच्या खोलीत तिच्यापाशी होते. दुपारी सुरुवात केली आणि दिवेलागणीला ब्रश रॉकेलात बुडवून ठेवून ते हात धुऊन आले. म्हणाले, एक हात पुरेल असं दिसतंय, रंग चांगला बसला.

सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हसले. दारं हिरवी झाली होती, पण मधे मधे तळहाताएवढे तांबडे पट्टे तसेच राहिले होते. कडा तर बऱ्याच ठिकाणी सुटल्या होत्या. डाव्या फडताळाच्या खालच्या फळीची आतली बाजू जवळजवळ पूर्ण तांबडी. गजकर्ण झालेल्या अंगासारखं दिसत होतं. मला वाटलं, दमले असतील, अंधार पडला असेल, कसंतरी उरकलं. मी त्यांना हाक मारली.

ते आले, दारासमोर उभे राहिले. "काय झालं?"

"एवढं तांबडं सोडलंत ते?"

"कुठे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पुढे होऊन दारावर हात ठेवला आणि फिरवला. त्यांचा हात हिरव्यावर होता. मी म्हटलं, तिथे नाही, जरा वर. त्यांनी हात वर नेला, आणि परत हिरव्यावरच ठेवला. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांना थट्टा करायची सवय नव्हती. ते अगदी जवळ गेले, मान वाकडी करून फळीवरून तिरकी नजर टाकली, जशी आपण काचेवर ओरखडा शोधताना टाकतो. अस्तर तेलातलंच होतं, तेही थोडं चमकत होतं. मग सरळ उभे राहिले.

"मला सगळं एकच दिसतंय," ते म्हणाले.

मी अंगणात चूल पेटवली. चहा केला. चहा घेऊन ते कामाला गेले.

दुपारी ते जेवायला आल्यावर मी बांगड्यांची पेटी काढली. माझ्याकडे काचेच्या बांगड्या बऱ्याच होत्या, हिरव्या जास्त, काही लाल, काही मोतिया. मी सतरंजीवर सगळ्या एकत्र ओतल्या आणि म्हटलं, ह्या निवडून द्या. त्यांना मी काय करतेय ते कळलं असणार, पण ते नाही म्हणाले नाहीत. बसले आणि निवडू लागले. मोतिया चटकन बाजूला झाल्या. मग ते हिरव्या-लाल एकेक उचलून उजेडात धरून पाहत राहिले. बराच वेळ लागला. शेवटी दोन ढीग झाले आणि दोन्ही ढिगांत दोन्ही रंग होते. मी ढिगांकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मग त्यांनी मला लहानपणची एक गोष्ट सांगितली. ह्यांचं गाव तिसगावच्या बाजूला, कोरडवाहू शेती, विहिरीच्या कडेला थोडी मिरची. पिकलेली मिरची तोडायला सगळी भावंडं जात. बाकीच्यांच्या पाट्या लाल भरत आणि ह्यांच्या पाटीत निम्मी हिरवी मिरची निघे. वडील मारत. "ध्यान कुटं हाय तुजं," असं म्हणून मारत. घरात ह्यांना धांदरट म्हणत असत. पुढे शाळेत पहिला नंबर येऊ लागला तरी घरच्यांचं मत बदललं नाही. आणि ह्यांचं स्वतःचंही मत तेच होतं. आपल्याला एके ठिकाणी लक्ष देता येत नाही, म्हणून आपण प्रत्येक काम दुप्पट सावधपणे केलं पाहिजे, असं त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. भिंतीवरचा तो कागद, वही, दोनदा तोलणं, तीनदा मोजणं, हे सगळं त्यातून आलेलं. मला लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मला वाटत होतं की हा माणूस जात्याच शिस्तीचा आहे.

"म्हणजे इतरांना ते वेगळं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"अगदी वेगळं."

"किती वेगळं?"

ह्याला काय सांगणार? मी म्हटलं, मीठ आणि साखर. ते म्हणाले, मीठ आणि साखर दिसायला सारखीच असतात. मग मी म्हटलं, चवीला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

ह्यापुढे जे झालं त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. तोंडी परीक्षा आणि लगेच डोळ्यांची तपासणी, दोन्ही महिनाभरावर आली होती. असिस्टंट मास्तरचं काम म्हणजे रात्री-अपरात्री सिग्नलचे दिवे बघायचे, गाड्यांना हातबत्ती दाखवायची. हे मला माहीत होतं. वहीतले प्रश्न मीच तर विचारत होते. तरी माझं पहिलं बोलणं असं होतं की तपासणीची तयारी करता येईल. मला ती जागा हवी होती. मालबाबूच्या बायकोला स्टेशनात कोणी विचारत नाही. शिवाय असिस्टंट मास्तरला मोठ्या स्टेशनात बदली मिळते, तिथे मुलीला शाळा मिळाली असती. दुसऱ्या एका स्टेशनातल्या कारकुनानं ह्यांना तपासणी कशी असते ते सांगितलं होतं. ठिपक्या-ठिपक्यांची पानं असलेलं एक पुस्तक असतं, त्यात आकडे ओळखायचे. आणि मग अंधाऱ्या खोलीत एक दिवा दाखवतात, त्याचा रंग सांगायचा. पुस्तकातल्या पानांचा क्रम त्या कारकुनाला पाठ होता.

मी म्हटलं, क्रम पाठ करा. एवढं नियमांचं पुस्तक पाठ केलंत, दहा-वीस आकडे ते काय.

"आणि दिवा?"

"दिव्याची सवय करायची."

त्या वेळी ते उठून कामाला गेले. पण दोन दिवसांनी क्रम लिहिलेला कागद त्यांच्या खिशात होता. त्या कारकुनाला निरोप पाठवून त्यांनी तो मागवला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांना, आणि मलाही, ते फार साधे-सरळ वाटू लागले. त्यांनाही ती जागा हवीच होती.

स्टेशनातले दिवे ज्याच्याकडे असत तो आमच्या क्वार्टरांच्या टोकाला राहायचा. साठीकडे झुकलेला मुसलमान माणूस, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणत असू. रोज संध्याकाळी सिग्नलच्या खांबांवर चढून दिवे लावायचे, सकाळी उतरवायचे, काचा पुसायच्या, वाती कापायच्या, असं त्याचं तीस वर्षांचं काम. त्याच्या घरी शेळी होती आणि मुलीसाठी दूध तिकडून येई. ते द्यायला चाचा एकदा सकाळी आला होता तेव्हा आमचं जाळीचं कपाट वाळायला अंगणात काढलेलं होतं, तसंच पट्ट्यापट्ट्यांचं. त्यानं ते पाहिलं, थोडा वेळ उभा राहिला आणि दुधाचं भांडं ठेवून गेला.

मी त्याच्याकडे गेले. कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून फडताळापासून सुरुवात केली. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

"बाई, मला ठावं हाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. मालगाडी मागं घ्यायची हुती, बाबूंना लाल झेंडी हवी हुती, कोपऱ्यात दोनी ठिवल्या हुत्या. हिरवी घिऊन निघाले. मी मागं पळालो. तवापास्नं झेंडी मी माज्या हातानं देतो."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"मालबाबूला झेंडीचं काय काम? एकांदा येळ येती." मग म्हणाला, "पन आता मास्तर व्हायचं म्हनत्यात."

मी म्हटलं, सवय केली तर जमेल. त्यानं लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. बाबू स्वतः म्हणाले तर बघू, एवढंच बोलला.

ह्यांनी त्याला स्वतः जाऊन सांगितलं. दुपारी दोन ते चार स्टेशनात गाडी नसे. त्या वेळात दिव्यांच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, आत काळोख होई. चाचा हातबत्ती पेटवून लांबच्या भिंतीपाशी उभा राहायचा. त्या बत्तीत काच फिरवायची सोय असते, फिरवली की लाल, फिरवली की हिरवा. फिरवताना तो बत्ती कुशीत धरायचा आणि मग पुढे करायचा. हे रंग सांगायचे. मी मुलीला शेजारी ठेवून तिथे जात असे आणि चिंचोके घेऊन दाराशी बसत असे. बरोबर आलं की चिंचोका उजवीकडे, चुकलं की डावीकडे.

पहिल्या दिवशी दोन्हीकडे सारखेच चिंचोके पडले. पण हे हुशार होते. तीन-चार दिवसांत त्यांनी ओळखलं की लाल जरा मंद दिसतो आणि हिरवा जास्त पांढुरका, उजळ. रंग दिसत नसला तरी उजेड दिसत होता. मग डावीकडचे चिंचोके कमी होऊ लागले. दहा दिवसांनी विसांत एखादा चुकायचा. नंतर एक दिवस विसांपैकी वीस बरोबर आले. मी घरी येऊन गूळ घालून शिरा केला. साखर मिळत नव्हती आणि गुळाला तोटा नव्हता.

त्याच दिवसांत मी फडताळं पूर्ण केली. हिरव्याचा दुसरा हात मी दिला. हे सकाळी निघण्याआधी काचकागद फिरवून जात, त्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. रंग मात्र मी. ब्रश फळीच्या शिरेबरोबर ओढायचा, आडवा नाही. रंग थोडा घ्यायचा आणि खूप पसरायचा. कोपऱ्यात आधी, मधे नंतर. हे मला कोणी शिकवलं नाही, चुकून चुकून आलं. दोन ठिकाणी रंग ओघळला होता, तो वाळल्यावर थेंबासारखा तसाच राहिला. जाळीच्या कपाटाच्या चौकटीला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण जाळीला रंग लागला की भोकं बुजायची आणि मग सुईनं एकेक भोक मोकळं करावं लागायचं. काम झालं तेव्हा मी दारं उघडी-बंद करून पाहिली. दोन दिवस चिकटत होती, मग सुटी झाली. भांडी परत लावली. झुरळं महिनाभर दिसली नाहीत.

तपासणीला पाच-सहा दिवस उरले असताना आम्ही नेहमीप्रमाणे दिव्यांच्या खोलीत गेलो. चाचानं दार लावलं, बत्ती पेटवली. पहिलाच दिवा ह्यांनी चुकीचा सांगितला. मग दुसरा. मी चिंचोके डावीकडे टाकत गेले. एखादा बरोबर यायचा, परत दोन चुकायचे. मला वाटलं त्यांना बरं नाही. वीस झाले तेव्हा उजवीकडे सात होते.

ह्यांनी विचारलं, "आज काय वेगळं केलंत?"

"आज काच पुसली न्हाई," चाचा म्हणाला. "दुसरं काय न्हाई केलं." त्यानं बत्ती खाली ठेवली. "पावसात काच अशीच असती, बाबूजी. उन्हाळ्यात धुळीनं अशीच असती. वात वाकडी जळाली तर काजळी धरती. मी रोज पुसतो. पन समदीकडं मी नसनार."

हे म्हणाले, "पुसू नका. परत दाखवा."

चाचानं परत वीस वेळा बत्ती दाखवली. ह्या वेळी मी चिंचोके मोजले नाहीत, ते तसेच मुठीत धरून ठेवले. मोजायची गरज नव्हती, चाचाच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. तो प्रत्येक उत्तराला मान हलवायचा, बरोबर आलं की वर-खाली, आणि नाहीतर नुसता थांबायचा. शेवटी ह्यांनी दार उघडलं. बाहेरच्या उजेडात आम्ही तिघंही डोळे बारीक करून उभे होतो. ह्यांनी चाचाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मालधक्क्याकडे निघून गेले.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अर्ज मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. कारण लिहिलं, घरगुती अडचण. खरं कारण लिहिलं असतं तर आहे ती नोकरी राहिली असती की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. मी म्हटलं, निदान तपासणी तरी देऊन या. पुस्तक पाठ आहे, डॉक्टरच्या दिव्याची काच पुसलेलीच असेल. त्यानंतर जागा मिळाल्यावर बघता येईल.

ते लिहायचे थांबले. "डॉक्टरची काच पुसलेली असेल," ते म्हणाले, "म्हणूनच नको."

त्यांनी पत्र पुरं केलं. मी आठ-दहा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तेव्हा मला असं वाटत होतं की माझं बरोबर आहे आणि हे हट्टी आहेत. चाचाच्या घरचं दूधही मी चार दिवस घेतलं नाही, त्याची बायको दारापर्यंत येऊन परत गेली. पाचव्या दिवशी मुलगी दुधासाठी रडायला लागली तेव्हा मी स्वतः भांडं घेऊन गेले. चाचीनं ते हातातून घेतलं. भांडं भरून दिलं आणि शेळीला पाला टाकायला वळली.

स्टेशनमास्तरांनी ह्यांना बोलावून घेतलं. ते स्वभावानं वाईट नव्हते, त्यांनी ह्यांच्यासाठी शिफारस केली होती. त्यांना राग आला आणि ते चारचौघांसमोर म्हणाले की काही माणसांना जबाबदारीची भीती वाटते, त्याला आपण काय करणार. हे ऐकून घेऊन परत आले. ही गोष्ट मला हमालांकडून कळली, ह्यांच्याकडून नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या जागेवर एक तरुण माणूस आला, ह्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. त्याची बायको आमच्या शेजारी राहायला आली. तिला आमची फडताळं आवडली आणि रंगारी कुठला म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, आम्हीच. तिला ते खरं वाटलं नाही.

भित्रा म्हणून ह्यांचं नाव झालं ते आमची तिथून बदली होईपर्यंत टिकलं. चाचा एका शब्दानं खुलासा करू शकला असता, पण त्यानं केला नाही, कारण ह्यांनी त्याला तसं सांगितलं होतं. ह्यांना त्याचं फारसं काही वाटत नसावं. निदान तसं दिसत नव्हतं. लहानपणापासून त्यांना कोणीतरी काहीतरी म्हणतच आलं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मुलीचे डोळे आले आणि आम्ही तिला नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, गर्दी नव्हती. औषध लिहून झाल्यावर हे उठले नाहीत. म्हणाले, आमच्या नात्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना लाल आणि हिरवा ह्यांतला फरक कळत नाही. असं असतं का? मी मुलीचा हात धरून खाली जमिनीकडे पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, असतं. त्याला रंगांधळेपणा म्हणतात. जन्मतःच असतो, पुरुषांत जास्त, आईकडून येतो. आईला स्वतःला मात्र बहुधा सगळं नीट दिसत असतं. औषध नाही. लक्ष देऊन किंवा सवयीनं तो जात नाही.

"लक्ष देऊन जात नाही," हे म्हणाले.

"नाही. लक्षाचा काही संबंध नाही त्यात." मग डॉक्टरांनी विचारलं, "काय करतात ते गृहस्थ?"

"कारकून आहेत."

"मग काही अडत नाही. रेल्वेच्या गाडीवर वगैरे कामाला जाऊ नका म्हणावं."

हे म्हणाले, सांगतो.

बाहेर पडल्यावर त्यांनी मुलीला उचलून घेतलं, खरं तर ती चालू शकत होती. परतीच्या गाडीला दोन तास होते. आम्ही फलाटावर बाकावर बसलो, मी फुटाणे घेतले. समोरच्या फलाटावर एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं, ट्रंका, वळकट्या, बायका-मुलं. हे बराच वेळ तिकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, ती नवरी दिसतेय, तिच्या अंगावर कोणता रंग आहे. मी सांगितलं. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या लुगड्याचा कोणता, ते विचारलं. तेही सांगितलं. फेटे विचारले. गाडी येईपर्यंत मी सांगत होते.

त्यानंतर त्यांना ती सवयच लागली. बाजारात, लग्नात, गाडीच्या खिडकीतून, ते विचारत आणि मी सांगत असे. मी कामात असले की न बघताच काहीतरी रंग सांगून टाकत असे. त्यांना तो खराच वाटायचा.